पाळी नसताना टाकलेली पानं

टेक्सास होल्डेमच्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये रात्री उशिरा हा प्रसंग हमखास घडतो. डावात तीन जण उरलेत. दोन नंबरच्या सीटवरच्या खेळाडूकडे मोजक्याच चिप्स होत्या, त्या त्याने सगळ्या पुढे सारल्या. तो ऑल-इन झाला. पाच आणि आठ नंबरच्या सीटवरच्यांनी तेवढ्याच चिप्स घालून कॉल केला. या दोघांपुढे अजून चिप्सचे मनोरे उभे आहेत. डीलरने फ्लॉपची तीन पानं टेबलावर उघडी मांडली. आता पहिली पाळी पाच नंबरची. समोर कुणाचीही बेट नाही. टेबलावर बोट टेकवून नुसतं ‘चेक’ म्हटलं की पुढचं पान फुकटात बघायला मिळणार. पण त्याला फ्लॉप अजिबात आवडलेला नाही, डोळ्यांवर झोप आहे, आणि तो आपली दोन्ही पानं पालथीच डीलरकडे भिरकावतो.

नवख्याला यात काहीच वावगं दिसत नाही. पानं त्याची, त्यात अडकलेल्या चिप्स त्याच्या, नुकसानही त्याचंच. आपला हक्क कुणी आपणहून सोडला तर इतरांचं काय जातं?

बरंच जातं. दोन नंबरच्या खेळाडूला आता दोघांऐवजी एकालाच हरवायचं आहे. त्याच्या हातात एक्क्यांची जोडी असेल तर फ्लॉप पडण्याआधीच्या आकड्यांवरूनही फरकाचा अंदाज येतो: समोर कुठलीही पानं असलेले दोन खेळाडू असले तर एक्क्यांची जोडी साधारण ७३ टक्के वेळा जिंकते, एकच असला तर ८५ टक्के. म्हणजे पाच नंबरच्या एका कंटाळलेल्या हालचालीने दोन नंबरच्या पदरात भली मोठी भर पडली. आणि ती आली कुठून? थोडी आठ नंबरकडून, आणि उरलेली सगळ्या हॉलकडून. समजा, त्या घटकेला टूर्नामेंटमध्ये सदतीस खेळाडू शिल्लक आहेत आणि बक्षिसं आहेत छत्तीस. प्रत्येक टेबलावरचा प्रत्येक माणूस कुणीतरी एक जण बाहेर पडण्याची वाट बघतोय. दोन नंबरचा खेळाडू तगला तर ज्यांनी हा डाव पाहिलासुद्धा नाही, अशांचंही नुकसान होतं.

पोकरमधला फोल्ड म्हणजे डाव सोडणं; तीन पत्ती खेळणारे पॅक करतात तेच. रमीतही डाव सोडता येतो. तेरा पानांच्या रमीत पहिलं पान उचलण्याआधी सोडला तर वीस गुण, मध्येच सोडला तर चाळीस. दर ठरलेला आहे आणि तो सोडणाऱ्यानेच भरायचा. पोकरमध्ये असा दर नाही. डाव सोडणाऱ्याचं पॉटमध्ये, म्हणजे डावाच्या सामाईक ढिगात, आधी गेलेलं तेवढं जातं, बाकीचा परिणाम इतरांच्या वाट्याला येतो. टूर्नामेंटचे नियम करणाऱ्यांनी या साध्या दिसणाऱ्या कृतीचा इतका कीस पाडला तो यासाठीच.

कीस पाडण्याची गरज हळूहळू आली. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० मध्ये लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत सुरू झाली तेव्हा जमलेले खेळाडू व्यावसायिक होते आणि एकमेकांना पुरते ओळखून होते. पहिल्या वर्षीचा विजेता, जॉनी मॉस, खेळाडूंच्या मतदानाने ठरला. चिप्स संपतील तो बाहेर आणि शेवटी उरेल तो विजेता, हे रूप पुढच्या वर्षी आलं. एवढ्याशा वर्तुळात नियम तोंडी असले तरी भागत होतं. पुढे २००३ साली टेनेसीचा एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर, इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून आला आणि ८३९ जणांच्या मुख्य स्पर्धेत जिंकला. तीनच वर्षांत ही संख्या ८,७७३ वर गेली. २०२४ मध्ये ती १०,११२ होती. हे खेळाडू वेगवेगळ्या देशांतून येतात, डीलरही गावोगावच्या कॅसिनोंतून हंगामापुरते आणले जातात. एका गावात टाकलेली पानं परत उचलता येतात आणि दुसऱ्या गावात येत नाहीत, असं असेल तर एवढ्या गर्दीत रोज भांडणं होतील.

मनीमेकरची लाट येण्याआधीच काही जाणत्यांना हे दिसलं होतं. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी २००१ मध्ये टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन उभी केली. टीडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेची नियमावली आज जगभरातल्या बहुतेक मोठ्या टूर्नामेंटचा पाया आहे. दर काही वर्षांनी डायरेक्टर एकत्र बसतात, प्रत्यक्ष घडलेले तंटे मांडतात आणि शब्द न् शब्द पारखून घेतात. पाच नंबरच्या खेळाडूसारख्याचं काय करायचं, याचं या नियमावलीतलं उत्तर थोडक्यात असं आहे: बेटिंगची शेवटची फेरी पूर्ण होईपर्यंत पाळीआधी केलेला फोल्ड आणि समोर बेट नसताना केलेला फोल्ड, दोन्ही कायम राहतात, आणि दोन्हींबद्दल शिक्षा होऊ शकते.

‘कायम राहतात’ या दोन शब्दांत बराच विचार आहे, आणि तो पाळीआधीच्या फोल्डमध्ये जास्त स्पष्ट दिसतो.

एक नंबरच्या सीटने सहा हजारांची बेट केली आहे. पाळी तीन नंबरची. त्याच्या मागे चार आणि सहा नंबरचे खेळाडू बोलायचे बाकी आहेत. तीन नंबरच्या हातात नव्व्यांची जोडी आहे: टाकवत नाही, आणि धरून ठेवायची तर मागच्या दोघांपैकी कुणी रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली, की पंचाईत. तो विचार करतोय. तेवढ्यात सहा नंबरचा खेळाडू मोबाइलवरची नजर न काढता आपली पानं पुढे सरकवतो. मागची अर्धी भीती गेली. तीन नंबरचा लगेच कॉल करतो. ज्याने सहा हजार लावले होते त्याचा हिशेब मात्र कोलमडला. तीन जणांनी आपल्याला घाबरावं, आणि त्यातल्या पहिल्याने मागच्या दोघांनाही घाबरावं, म्हणून त्याने तेवढी बेट केली होती. त्याच्या बेटचा धाक एका बेफिकीर हाताने कमी केला.

इथे डीलर काय करतो? पाळी जिथे होती तिथेच, तीन नंबरवर, ठेवतो. सहा नंबरची पानं मेली ती मेलीच. पुढे तीन नंबरने काहीही केलं तरी ती जिवंत होत नाहीत.

आता हीच चूक उलट बाजूने पाहू. सहा नंबरने पानं टाकण्याऐवजी पाळी नसताना अठरा हजारांचा रेझ केला असता तर? टीडीएच्या नियमाप्रमाणे पाळी तीन नंबरकडे परत जाते आणि सगळे त्याच्याकडे बघतात. तीन आणि चार नंबरने नुसता कॉल केला किंवा डाव सोडला, तर सहा नंबरपुढची परिस्थिती बदललेली नसते. त्याचा रेझ त्याला बांधून घेतो. पण त्यांच्यापैकी कुणी रेझ केलं तर परिस्थिती बदलली. सहा नंबरला चिप्स परत मिळतात आणि कॉल, रेझ, फोल्ड हे तिन्ही रस्ते पुन्हा मोकळे होतात. म्हणजे घाईने चिप्स घालणाऱ्याला परतीचा दरवाजा आहे. घाईने पानं टाकणाऱ्याला नाही.

वरवर पाहता हा अन्याय वाटतो. ज्याने काही घेण्याचा प्रयत्न केला त्याला सवलत, आणि ज्याने सगळं सोडलं त्याला नाही! पण क्षणभर उलटा नियम धरून बघावा. पाळीआधीचा फोल्ड परत घेता येतो, असं असतं तर टेबलावरच्या लबाडाला फुकटचं हत्यार मिळालं असतं. हातात दोन राजे घेऊन बसायचं, पुढचा विचारात पडला की पानं अलगद पुढे ढकलायची, मागे कुणी नाही असं वाटून त्याने चिप्स घातल्या की ‘अरेच्चा, पाळी माझी नव्हती’ म्हणत पानं परत ओढायची. एकदा घडलं तर चूक म्हणता येईल. ती चूक होती की डाव, हे माणसाच्या मनात शिरून कोण ठरवणार? फोल्ड कायमचा ठेवला की मनात शिरायची गरज उरत नाही. प्रामाणिक माणसाने चूक केली तर त्याला एक डाव गमवावा लागतो, आणि अप्रामाणिक माणसाच्या हाती काहीच लागत नाही. आजवर या प्रश्नाची जी उत्तरं सुचवली गेली आहेत त्यांत हे सगळ्यात प्रामाणिक आहे.

एक गोष्ट मात्र खेदाने मान्य करावी लागते. नियम पानं मारतो, पण सांडलेली माहिती परत भरत नाही. सहा नंबर डावात नाही, हे तीन नंबरला कळलं ते कळलंच. त्याला ते विसरायला लावण्याची सोय कुठल्याही नियमावलीत नाही. शिक्षेची तरतूद त्यासाठी आहे.

प्रत्यक्षात अडचण सुरू होते ती ‘टाकली’ म्हणजे नेमकं काय, इथून. सगळेच पानं ठसक्यात भिरकावत नाहीत. काही जण ती दोन बोटांत उचलून पुढे धरतात, डीलरने घ्यावीत म्हणून. काही जण पुन्हा एकदा बघायला उचलतात आणि हात पुढेच राहतो. काही जण मुद्दाम टाकण्याच्या पवित्र्यात बसतात, म्हणजे पुढच्याला वाटावं की हा गेला. वाद झाला की डीलर हात आखडता घेतो, कुणालाही पानांना हात लावू देत नाही आणि ‘फ्लोअर!’ अशी हाक देतो. फ्लोअर म्हणजे हॉलमध्ये फिरणारा निवाडा करणारा अधिकारी. तो आला की पहिली चौकशी डीलरकडे. पाळी कुणाची होती? पानं हातातून सुटली होती का? कुठवर गेली? मक म्हणजे टाकलेल्या पानांचा ढीग. त्याला ती टेकली का? तोंडाने काही म्हटलं का? त्याच्यानंतर कुणी काही कृती केली का? मग खेळाडूंचं म्हणणं, एकेकाचं. दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या की चांगला फ्लोअर हात वर करून थांबवतो. हे सगळं होत असताना बाजूच्या पडद्यावरचं टूर्नामेंटचं घड्याळ चालूच असतं आणि ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, वाढायची वेळ जवळ येत असते.

त्याच्यानंतर कुणी काही केलं का, या प्रश्नाला खास वजन आहे. कॅसिनोंत आणि क्लबांत बॉब सियाफोन यांनी संकलित केलेली ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर’ ही नियमावली चालत आली आहे, आणि रोख पैशांच्या टेबलांवर आजही तिचा आधार घेतला जातो. बेट समोर नसताना पानं टाकली तर तिथे कसोटी वेगळी आहे: पानं पुढे टाकल्यामुळे मागच्या खेळाडूने आपली कृती केली असेल तर हात मेला. म्हणजे तिथे पाहतात ते इतकंच, की तुमच्या हालचालीवर विसंबून दुसरा काही करून बसला का. रोखीच्या खेळात ही कसोटी पुरेशी आहे, कारण परिणाम त्या एका पॉटपुरता राहतो आणि नाराज खेळाडू उठून घरी जाऊ शकतो. टूर्नामेंटमध्ये उठून जाता येत नाही, आणि चिप्सचा हिशेब शेवटी सगळ्यांच्या बक्षिसांशी जोडलेला असतो. टीडीएची कडक भूमिका तिथून आली आहे.

सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. स्टडमध्ये प्रत्येक फेरीला प्रत्येक खेळाडूला स्वतःचं नवं पान मिळतं. बेट नसताना एकाने डाव सोडला आणि डीलरने त्याला वगळून वाटायला सुरुवात केली, तर त्याच्यापुढच्या सगळ्यांची पानं बदलतात. जो एक्का त्याला जायचा तो शेजाऱ्याच्या घरात पडतो. दोन मित्र एकाच टेबलावर असतील तर यातून काय काय करता येईल, हे सांगायला नको. म्हणून रॉबर्ट्स रूल्समध्ये तोडगा आहे: बेट नसताना कुणी डाव सोडला तरी, पुढे कुणीतरी बेट करेपर्यंत त्या सीटला पानं वाटली जात राहतात. खेळाडू गेलेला असतो, पण पानांचा क्रम जागच्या जागी राहतो. इतका नीटस विचार केलेला नियम वाचला की नियम करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

पानं न टाकता नुसतं बोलून केलेले फोल्डही असतात. ‘तू लावलंस तर मी गेलो,’ असं पाळीआधी म्हणणारे प्रत्येक टेबलावर भेटतात. टीडीए अशा अटीच्या बोलण्याला ठाम विरोध करते. ते बांधील धरायचं का आणि शिक्षा द्यायची का, हे डायरेक्टरवर सोपवलं आहे. पाळी आल्यावर तोंडाने उच्चारलेलं ‘फोल्ड’ मात्र पानं हातात असली तरी पक्कं.

आतापर्यंतचं सगळं बेटिंगची शेवटची फेरी संपेपर्यंतचं. ती संपली, पानं दाखवायची वेळ आली, की नियम आपली दिशाच बदलतो.

रिव्हरचं, म्हणजे टेबलावरचं शेवटचं, पान पडलंय. सात नंबरने मोठी बेट केली, दोन नंबरने कॉल केला. सात नंबर म्हणतो, ‘फ्लश.’ दोन नंबरच्या हातात नुसती राणीची जोडी. तो सुस्कारा सोडून पानं पालथी मध्यभागी टाकतो. सात नंबर आपली पानं उलटतो, आणि दिसतं असं की किलवरची चारच पानं आहेत, पाचवं इस्पिकचं. दोन्ही काळी, बघण्यात घोटाळा झाला. दोन नंबर ओरडतो, ‘थांबा!’

इथे दोन नंबरची पानं मेलेली नाहीत. टीडीएच्या नियमाप्रमाणे शोडाउनला, म्हणजे पानं दाखवायच्या वेळी, पालथी टाकलेली पानं आपोआप मरत नाहीत. ती शंभर टक्के ओळखता येत असतील आणि परत घेता येत असतील तर खेळाडू मत बदलून ती उघडू शकतो. डीलरने ती मकमध्ये ढकलली, मिसळली, की खेळ खलास. नियमातला ‘शंभर टक्के’ हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यायचा आहे. पानं दोन इंचांवर वेगळी पडली असतील, सगळे बोट दाखवून ‘हीच’ म्हणत असतील, तर राणीची जोडी पॉट घेऊन जाते. एक पान मकच्या कडेला टेकलं असेल आणि नव्व्याण्णव टक्के खात्री असेल, तर नाही.

एकच हालचाल, आणि फेरी संपण्याआधी ती अंतिम, संपल्यावर दुरुस्त करता येण्याजोगी. यात विसंगती नाही. बेटिंग चालू असताना टाकलेल्या पानांवर पुढच्यांचे निर्णय उभे राहतात. बेटिंग संपल्यावर निर्णय घ्यायला कुणी उरलेलंच नसतं. उरतो तो फक्त एक प्रश्न, सगळ्यात भारी पानं कुणाकडे आहेत? त्याचं उत्तर खरं यावं म्हणून नियम शक्य तितका वाकतो. याच तत्त्वाने, एखाद्याने आपली पानं रीतसर उघडी ठेवली आणि ती उघडपणे जिंकत असतील, तर डीलरने चुकून ती उचलली तरी तो हात मारला जात नाही.

शेजाऱ्यांनी काय करायचं, यालाही मर्यादा आहे. पानं उघडी असतील आणि डीलर चुकीची वाचत असेल तर टेबलावरच्या प्रत्येकाने बोलावं, अशीच अपेक्षा आहे. पण पानं पालथी असताना ‘टाकू नकोस रे, तुझी जोडी चांगली आहे’ म्हणणारा गुन्हेगार ठरतो, मग तो डावात असो वा नसो. एका हातामागे एकच खेळाडू, हे तत्त्व पोकरमध्ये कधीच सैल होत नाही. दोन नंबरला थांबायचं भान स्वतःलाच यायला हवं.

सगळ्यात दुःखाचा प्रकार वेगळाच आहे: ज्याने फोल्ड केलेलाच नाही त्याची पानं जाणं. २००९ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत फ्रेंच टेलिव्हिजनवरची निवेदिका एस्तेल दनी हिच्या वाट्याला ते आलं. हातात एक्क्यांची जोडी होती, होल्डेममधली सर्वांत भारी सुरुवात, आणि डीलरने तिची पानं चुकून ओढून मकमध्ये घातली. चूक निर्विवाद डीलरची. तरीही नियम खेळाडूच्या बाजूने उभा राहत नाही. आपल्या पानांचं रक्षण सतत, अगदी शोडाउनला हात वाचला जाईपर्यंत, ज्याचं त्याने करायचं. डीलरने चुकून हात मारला आणि तो निःसंशय ओळखता येत नसेल, तर दाद मागता येत नाही आणि कॉल झालेल्या चिप्सही परत मिळत नाहीत. एकच दिलासा आहे: खेळाडूने स्वतः केलेली बेट किंवा रेझ अजून कुणी कॉल केलं नसेल, तर तेवढी रक्कम परत मिळते.

हे कठोर आहे, आणि त्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की पोटात कालवतं. पण दुसरा रस्ता काय? मकमधून ‘माझे दोन एक्के’ शोधून द्या, असं म्हणायची मुभा दिली तर ढिगातल्या कुठल्याही एक्क्यांवर कुणीही दावा सांगेल.

म्हणून जाणते खेळाडू पानांवर काहीतरी वजन ठेवतात. बहुतेकांना एक चिप पुरते. वर्ल्ड सिरीजचा २००४ चा विजेता ग्रेग रेमर जीवाश्म ठेवायचा, त्यावरून त्याला फॉसिलमॅन हे नाव पडलं. कोस्टा रिकाच्या उंबेर्तो ब्रेनेसचा प्लॅस्टिकचा शार्क मासा टीव्हीवर गाजला. जॉनी चॅन १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला, त्याच्यासमोर संत्रं असायचं. सिगारेटच्या धुरात वास घ्यायला म्हणून ते आलं, पण ती खूणच होऊन बसली. डीलरच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्यांनी तर असं काहीतरी बाळगायलाच हवं, कारण डीलरचा हात पानं गोळा करताना आधी त्यांच्याच अंगणातून फिरतो.

पानं लपवून सोडून देण्याचा एक मार्ग टूर्नामेंटने पुरता बंद केला आहे. एखादा खेळाडू ऑल-इन झाला आणि बाकीच्यांचं बेटिंग संपलं, की सगळ्यांचे हात लगेच उघडे करायचे. कुणालाही पानं न दाखवता मकमध्ये टाकता येत नाहीत. रोखीच्या खेळात हरलेला माणूस मान हलवून पानं सरकवू शकतो. इथे नाही. कारण उघड आहे: दोघांचं साटंलोटं असेल तर एकाने भिकार पानांवर सगळ्या चिप्स लावायच्या, दुसऱ्याने कॉल करायचा, आणि पानं न दाखवता ढीग एकीकडून दुसरीकडे सरकवायचा. पानं उलटी केली की टेबलावरचे सगळे साक्षीदार होतात. टीव्हीवर ऑल-इनच्या वेळी दिसणारी उघडी पानं प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आहेत असा अनेकांचा समज असतो. मुळात ती पहाऱ्यासाठी आहेत.

भारतातल्या खेळाडूंच्या एका पिढीला हे सगळं थोडं परकं वाटतं, कारण ती पोकर शिकली मोबाइलवर. पडद्यावर पाळी नसताना केलेला फोल्ड शक्यच नसतो. आधीच बटण दाबून ठेवलं तरी ते पाळी आल्यावरच लागू होतं आणि इतरांना दिसत नाही. बेट नसताना फोल्ड दाबला तर अनेक ॲप विचारतात, चेक फुकट आहे, नक्की सोडायचं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि तो रस्ता बंद झाला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. उरतो तो मुख्यतः गोवा, जिथे १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी कॅसिनोंना वाट करून दिली. पणजीला मांडवीत नांगरलेल्या जहाजांवरच्या टेबलांशी बसलेल्या नव्या माणसाला जपायला सॉफ्टवेअर नसतं. तिथे त्याचे हात मोकळे असतात.

अशा नवख्याला पहिल्याच चुकीला शिक्षा व्हावी का? नियम शिक्षा ‘होऊ शकते’ म्हणतो, ‘झालीच पाहिजे’ म्हणत नाही, आणि हे योग्यच आहे. टीडीएचा पहिलाच नियम सांगतो की खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर. क्वचित प्रसंगी त्यासाठी नियमाच्या शब्दापेक्षा सारासार विचाराला मान द्यावा लागतो, आणि फ्लोअरचा निर्णय अंतिम असतो. टूर्नामेंटच्या पहिल्या तासात, कुणाचंच काही बिघडलेलं नसताना, डीलरने ‘सर, पाळी येऊ द्या’ एवढं शांतपणे सांगितलं तर पुष्कळ झालं. पण बक्षिसांच्या उंबरठ्यावर, ऑल-इन झालेल्या ओळखीच्या माणसासमोर, दिवसभर व्यवस्थित खेळणारा खेळाडू अचानक बेट नसताना पानं टाकतो, तेव्हा नुसती ताकीद म्हणजे बाकीच्या सगळ्यांवर अन्याय आहे. त्या वेळी फ्लोअरने कचरू नये.

शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: तोंडी ताकीद, मग एक किंवा अधिक डाव बाहेर, मग एक किंवा अधिक फेऱ्या बाहेर, शेवटी हकालपट्टी. एका फेरीची शिक्षा म्हणजे टेबलावर त्या वेळी जितके खेळाडू, शिक्षा झालेला धरून, तितके डाव. नऊ जणांचं टेबल असेल आणि ब्लाइंड १,००० आणि २,०००, शिवाय मोठी ब्लाइंड भरणाऱ्याने सगळ्या टेबलासाठी घालायचा अँटी २,००० असेल, तर त्या नऊ डावांत त्याच्या ढिगातून ५,००० चिप्स जातात. ४०,००० असतील तर ३५,००० उरतात. हे घडताना तो टेबलापासून दूर उभा असतो. त्याच्या सीटसमोर पानं मात्र नेहमीसारखीच वाटली जातात, आणि वाटप पूर्ण होताच डीलर ती न बघता उचलून मकमध्ये टाकतो: सलग नऊ फोल्ड, सगळे रीतसर.